मार्चचा दुसरा आठवडा आणि पाऊस-बर्फाची सीमारेषा

ईशान्य अमेरिकेत राहणाऱ्यांना मार्चच्या आरंभी फोनच्या पडद्यावर दिसणारी सात दिवसांची हवामानपट्टी बुचकळ्यात टाकते. सोमवारी ६२ अंश फॅरनहाइट आणि लख्ख ऊन, मंगळवारी पाऊस, बुधवारी रात्री बर्फाचे चिन्ह, गुरुवारी ३४ अंश आणि झोंबरा वारा, शनिवारी पुन्हा ५५. शिवाय ही पट्टी काल वेगळी होती आणि उद्या सकाळी आणखी वेगळी असेल. कोणाला त्याच आठवड्यात भारतातून येणाऱ्या आईवडिलांना नेवार्क विमानतळावरून आणायचे असते, कोणाला एडिसनहून बॉस्टनला गाडीने जायचे असते, कोणी मंडळाच्या कार्यक्रमासाठी शाळेचे सभागृह आगाऊ पैसे भरून ठरवलेले असते. अशा वेळी ‘हवामानवाल्यांना काही कळत नाही’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु या पंधरवड्यातील अंदाज का डळमळतात आणि त्यांतील कोणत्या भागावर भरवसा ठेवावा, हे जाणून घेतले तर निर्णय घेणे पुष्कळ सुकर होते.

आपल्या मनातील ऋतुचक्र मुळात मोसमी वाऱ्यांनी घडवलेले आहे. महाराष्ट्रात वारा वर्षातून दोनदा दिशा पालटतो आणि त्या दोन घटनांभोवती शेती, सण आणि स्वयंपाकघरातील वाळवणेसुद्धा बांधलेली असतात. पाऊस लांबला वा लवकर आला, तरी तो कोणत्या महिन्यात येणार याविषयी शंका नसते. ईशान्य अमेरिकेचे हवामान असे महिन्यांच्या हिशेबाने चालत नाही. येथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्या कमी-अधिक दाबाच्या प्रणालींची एकामागून एक रांग लागलेली असते. दर तीन-चार दिवसांनी एक प्रणाली माथ्यावरून जाते आणि आपल्याबरोबर वेगळी हवा घेऊन येते. त्यामुळे येथील ‘आठवड्याचे हवामान’ म्हणजे वस्तुतः दोन-तीन पाहुण्यांच्या येण्याजाण्याचे वेळापत्रक असते; आणि पाहुणे कोणत्या वाटेने येतात यावर सारे अवलंबून राहते.

मार्चमध्ये हे वेळापत्रक सर्वाधिक बेभरवशाचे होते. याचे कारण आकाशात तसेच समुद्रात आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात दुपारचा सूर्य ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्याइतकाच वर आलेला असतो. न्यूयॉर्कच्या अक्षांशावर दिवस रोज अडीच मिनिटांहून अधिक वाढत असतो. जमीन तापू लागते. समुद्राला मात्र तापायला वेळ लागतो; बॉस्टन किंवा लाँग आयलंडलगतचे पाणी या दिवसांत ४० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे चार-पाच अंश सेल्सिअसच्या आसपास, वर्षातील जवळजवळ सर्वांत थंड अवस्थेत असते. उत्तरेस कॅनडावर हिवाळ्याची हवा अजून ठाण मांडून बसलेली असते, तर दक्षिणेस कॅरोलायनाच्या किनाऱ्यापलीकडे गल्फ स्ट्रीमचे पाणी ७० अंशांच्या घरात असते. एवढ्या थोड्या अंतरात एवढा मोठा तापमानभेद हेच वादळांचे इंधन होय. उंचावरून वाहणाऱ्या जेट स्ट्रीमने त्यात योग्य जागी वळण घेतले की नॉर्थ कॅरोलायनातील केप हॅटरसच्या परिसरात कमी दाबाचे केंद्र तयार होते आणि किनाऱ्याला समांतर वर सरकत एक-दोन दिवसांत प्रचंड रूप धारण करते. हेच ते ‘नॉरईस्टर’.

या नावाविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. वादळ ईशान्येकडून येत नाही. ते नैऋत्येकडून येते. किनाऱ्यावर वारा तेवढा ईशान्येकडून वाहतो, कारण वादळाभोवतीची हवा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत असते. ही गोष्ट प्रथम ध्यानात आली ती बेंजामिन फ्रँकलिन यांच्या. १७४३ साली फिलाडेल्फियात चंद्रग्रहण पाहण्यासाठी ते उत्सुक होते; पण ईशान्येचा वारा सुटला, आभाळ भरून आले आणि ग्रहण दिसले नाही. वारा ईशान्येचा, तेव्हा बॉस्टनलाही वादळ आधीच पोचले असणार, असे त्यांनी गृहीत धरले. पुढे भावाकडून कळले की बॉस्टनमध्ये ग्रहण व्यवस्थित दिसले आणि वादळ त्यानंतर आले. वारा एकीकडून आणि वादळ दुसरीकडून येऊ शकते, हा निष्कर्ष त्यांनी त्यावरून काढला. उपग्रहांच्या दोन शतके आधी, केवळ दोन शहरांतील वेळांची तुलना करून!

आता मुख्य प्रश्न: बर्फ की पाऊस? हवामानतज्ज्ञ यासाठी नकाशावर एक बिंदू डोळ्यांसमोर ठेवतात. ४० अंश उत्तर अक्षांश आणि ७० अंश पश्चिम रेखांश यांचा हा छेदनबिंदू मॅसॅच्युसेट्समधील नॅनटकेट बेटाच्या दक्षिणेस भर समुद्रात पडतो. वादळाचे केंद्र साधारणपणे या बिंदूवरून गेले तर न्यूयॉर्क ते बॉस्टन पट्ट्यात भरघोस बर्फ पडण्याचा संभव असतो. ते बरेच पूर्वेकडून गेले तर किनाऱ्याला केवळ ढग आणि वारा मिळतो. पश्चिमेस, म्हणजे किनाऱ्याजवळून गेले, तर समुद्रावरची उबदार हवा आत घुसते आणि शहरांत पाऊस पडतो, बर्फ शे-दीडशे मैल आतल्या डोंगराळ भागाच्या वाट्याला येतो. केंद्राची वाट पन्नास मैलांनी इकडची तिकडे झाली की लक्षावधी लोकांचा दिवस पालटतो. हजार मैल दूर असलेल्या वादळाचा मार्ग तीन दिवस आधी पन्नास मैलांच्या अचूकतेने सांगणे ही किती कठीण गोष्ट आहे, याचा विचार केला तर अंदाज करणाऱ्यांविषयीचा राग थोडा निवळावा.

त्यातही पाऊस आणि बर्फ अशी सरळ विभागणी नसते. बर्फ म्हणून निघालेला कण जमिनीपर्यंत येताना हवेच्या अनेक थरांतून जातो. सगळे थर गोठणबिंदूच्या खाली असतील तर बर्फच पडतो. मध्येच, सुमारे एक-दोन किलोमीटर उंचीवर, उबदार हवेचा एखादा थर घुसलेला असेल तर कण तेथे वितळतो. त्याखाली थंड हवेचा जाड थर असेल तर थेंब पुन्हा गोठून टणक कणी होऊन खिडकीवर तडतडतो, हे स्लीट. खालचा थंड थर पातळ असेल तर थेंबाला हवेत गोठायला सवड मिळत नाही, तो जमिनीवर, तारेवर, गाडीच्या काचेवर आदळून मग गोठतो. हा फ्रीझिंग रेन. या तिन्हींत सर्वांत धोकादायक प्रकार शेवटचा आहे, आणि दिसायला तो निव्वळ पाऊसच असतो. वरच्या थरातील तापमानात दोन अंशांचा फरक पडला तर दहा इंच बर्फाच्या जागी दोन-तीन इंच स्लीट साचते. न्यू जर्सीत ही सीमारेषा पुष्कळदा आय-९५ आणि टर्नपाइकच्या आसपास घोटाळते: पार्सिपनीत फावडे घ्यावे लागते, एडिसनमध्ये चिखल होतो आणि किनाऱ्यावर नुसती छत्री पुरते. योगायोगाची गोष्ट अशी की राष्ट्रीय हवामान सेवेच्या कामाची वाटणीदेखील याच भागात बदलते. जर्सी सिटी व नेवार्क यांचा अंदाज लाँग आयलंडवरील अप्टन येथील कार्यालय करते, तर एडिसन व प्रिन्स्टन यांचा माउंट हॉली येथील. दोन मित्रांना वीस-पंचवीस मैलांवर वेगळ्या शब्दांत इशारे येतात, त्याचे एक कारण हेही आहे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्याने या पट्ट्याला तीनदा असे धडे दिले की हवामानशास्त्राचा इतिहास त्या तीन वादळांतून सांगता येईल.

पहिले १८८८ चे. १० मार्चला न्यूयॉर्कमध्ये वसंताची चाहूल देणारी सौम्य हवा होती. ११ तारखेला, रविवारी, पाऊस पडू लागला. रात्री तापमान कोसळले, पावसाचा बर्फ झाला आणि तो १४ तारखेपर्यंत थांबला नाही. शहरात वीस इंचांहून अधिक बर्फ पडला, वाऱ्याने त्याचे ढीग घरांच्या वरच्या मजल्यांपर्यंत लावले, उन्नत रेल्वेगाड्या प्रवाशांसह मधेच अडकल्या. सोमवारी सकाळी नेहमीप्रमाणे कामावर निघालेले लोक वाटेत गोठून मेले. ईशान्य भागात चारशेच्या वर माणसे दगावली, त्यांपैकी सुमारे निम्मी एकट्या न्यूयॉर्कमधील. पूर्वसूचना जवळजवळ नव्हतीच, कारण समुद्रावर काय शिजत आहे हे पाहण्याचे साधनच नव्हते. तारा जमिनीखाली घालाव्यात आणि रेल्वे भुयारातून न्यावी या विचाराला त्या वादळाने जोर आला.

दुसरे १९९३ चे, १२ ते १४ मार्चचे. क्यूबापासून कॅनडापर्यंत पसरलेले हे वादळ ‘शतकातील वादळ’ म्हणून ओळखले जाते. मॉडेलांनी त्याची चाहूल सुमारे पाच दिवस आधी दिली. वादळ अजून तयारही झालेले नसताना, बाहेर चांगली हवा असताना, हवामान सेवेने ठाम इशारे दिले आणि काही राज्यांच्या गव्हर्नरांनी पहिला कण पडण्याआधीच आणीबाणी जाहीर केली. दोनशेहून अधिक माणसे तरीही मृत्युमुखी पडली. परंतु इशारा नसता तर ही संख्या कुठवर गेली असती, याची कल्पना करणेही नकोसे वाटते. आज आपण पाच दिवसांचा अंदाज गृहीत धरतो. त्या गृहीताचा आरंभ पुष्कळ अंशी त्या आठवड्यात झाला.

तिसरे १४ मार्च २०१७ चे, आणि आपल्या प्रश्नाशी त्याचाच संबंध सर्वांत निकटचा आहे. न्यूयॉर्क शहरासाठी एक ते दीड फूट, काही ठिकाणी त्याहूनही अधिक बर्फाचा अंदाज होता. ब्लिझार्डचा इशारा लागू होता. शाळा बंद, जमिनीवरील सबवे बंद, हजारो विमाने रद्द, न्यूयॉर्क व न्यू जर्सीत आणीबाणी. मंगळवारी सकाळी न्यूयॉर्ककर उठले तेव्हा खिडकीवर स्लीट तडतडत होते. सेंट्रल पार्कमध्ये नोंद झाली ती साडेसात इंचांच्या आसपास. वादळ अपेक्षेपेक्षा किनाऱ्याच्या जवळून गेले आणि उबदार थर आत सरकला. आकाशातून पडलेल्या पाण्याचे प्रमाण काही कमी नव्हते. त्याचे रूप तेवढे बदलले होते. त्याच वादळाने न्यूयॉर्क राज्याच्या आतल्या भागात, बिंगहॅम्टनच्या परिसरात, तीस इंचांहून अधिक बर्फ टाकला.

नंतर उघड झाले ते असे. सोमवारी दुपारपर्यंत काही मॉडेले शहरासाठी कमी बर्फ दाखवू लागली होती. हवामान सेवेच्या तज्ज्ञांनी आपसांत विचारविनिमय केला आणि अंदाज तसाच ठेवण्याचे ठरवले. आकडा एकदम उतरवला तर लोकांना धोका टळला असे वाटेल आणि पुढच्या मॉडेलने तो पुन्हा वाढवला तर गोंधळ उडेल, ही त्यामागची भीती. शिवाय स्लीट व वारा यांमुळे रस्ते धोकादायकच राहणार होते. न्यू जर्सीचे तत्कालीन गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी हवामान सेवेवर जाहीर टीका केली. तज्ज्ञांचा हेतू समजण्यासारखा होता, हे मान्य करूनही प्रस्तुत लेखकाचे मत असे की अनिश्चितता लपवणे हा तिच्यावरचा उपाय नव्हे. ‘चार इंच ते अठरा इंच, आणि का, ते असे’ असे सांगितले असते तर प्रौढ नागरिकांना ते कळले असते. आपल्या व्यवसायात प्रकल्पाच्या तारखा सांगताना आपणही हाच मोह टाळायचा असतो.

सुदैवाने ही अनिश्चितता आता वाचकाला बऱ्याच प्रमाणात उपलब्ध आहे. कुठे पाहावे एवढे ठाऊक हवे. हवामानाचे मॉडेल एकदाच चालवले जात नाही. आरंभीच्या स्थितीत किंचित फेरफार करून ते अनेकदा चालवतात. अमेरिकी मॉडेलच्या अशा ३१ आवृत्त्या असतात, युरोपीय केंद्राच्या ५१. सगळ्या आवृत्त्यांतील वादळांच्या वाटा एकमेकींजवळ असतील तर विश्वास अधिक, पंख्यासारख्या पसरल्या असतील तर कमी. फोनवरील पट्टी मात्र या साऱ्या पसाऱ्यातून एकच चिन्ह आणि एकच आकडा काढून दाखवते. सहा दिवसांनंतरच्या बुधवारी ‘११ इंच’ असे दिसले तर तो अंदाज म्हणून घेऊच नये. तो एका मॉडेलच्या एका वेळच्या गणिताचा तुकडा असतो, आणि सहा तासांनी नाहीसाही होतो. अशा नकाशांची छायाचित्रे समूहांवर पाठवण्याचा छंद ज्यांना आहे त्यांनी निदान पाठवण्याआधी त्यावरची तारीख आणि वेळ पाहावी.

साधारण नियम असा की पाच दिवसांचा अंदाज दहापैकी नऊ वेळा आणि सात दिवसांचा दहापैकी आठ वेळा बरोबर येतो, दहा दिवसांपलीकडे तो नाणेफेकीच्या जवळ जातो. हा हिशेब अमेरिकेच्या सागर व वातावरण प्रशासनानेच दिलेला आहे. परंतु ‘बुधवारच्या सुमारास वादळ येईल’ हे बरोबर येणे वेगळे आणि ‘तुमच्या गावी बर्फ पडेल’ हे बरोबर येणे वेगळे. पहिले पाच दिवस आधी कळते. दुसरे मार्चमध्ये पुष्कळदा शेवटच्या छत्तीस तासांतच स्पष्ट होते. वादळाचे बीज अजून प्रशांत महासागरावर असते तोवर मोजमापे विरळ असतात. ते किनारा ओलांडून खंडावर आले की दिवसातून दोनदा सोडल्या जाणाऱ्या फुग्यांच्या जाळ्यात सापडते आणि आकडे स्थिरावू लागतात. म्हणून विमानाचे तिकीट बदलण्याचा विचार पाच दिवस आधी सुरू करावा, निर्णय दोन दिवस आधी घ्यावा.

टक्केवारीचा अर्थही नीट लक्षात घ्यावा. ‘४० टक्के पाऊस’ म्हणजे दिवसाचा ४० टक्के वेळ पाऊस नव्हे. त्या कालावधीत तुमच्या ठिकाणी इंचाचा निदान शंभरावा भाग तरी वर्षाव होण्याची शक्यता ४० टक्के. झिमझिम असो वा मुसळधार, आकडा तोच. इशाऱ्यांच्या शब्दांतही उतरंड आहे. ‘वॉच’ म्हणजे संभव आहे, तयारीत राहा. ‘वॉर्निंग’ म्हणजे धोका जवळजवळ निश्चित आहे, आता योजना बदला. ‘अ‍ॅडव्हायझरी’ हा शब्द सौम्य वाटतो आणि म्हणूनच फसवतो. फ्रीझिंग रेनचा पातळ थर याच शीर्षकाखाली जाहीर होतो आणि अपघातांना तेवढाही पुरतो. ज्यांना दहा मिनिटे सवड आहे त्यांनी हवामान सेवेच्या संकेतस्थळावर आपल्या भागाचे ‘फोरकास्ट डिस्कशन’ वाचावे. दिवसातून दोनदा तरी प्रसिद्ध होणाऱ्या या टिपणात अंदाज करणारा आपल्या शंका साध्या इंग्रजीत मांडतो. पट्टीत न दिसणारा ‘परंतु’ तेथे असतो.

मार्चच्या बर्फाचे काही खास गुणधर्म आहेत, त्यांची दखल घेतली पाहिजे. किती इंच पडणार यापेक्षा केव्हा पडणार हे अधिक महत्त्वाचे. दुपारी हलका बर्फ पडला तर ढगांआडूनही सूर्य रस्ता तापवतो आणि बर्फ टिकत नाही. तोच रात्री दोनला जोरात पडला तर सकाळी रस्ता झाकलेला असतो. एक इंच पाण्याचा साधारणपणे दहा इंच बर्फ होतो; कडाक्याच्या थंडीत पंधरा-वीस, पण मार्चच्या ओलसर हवेत कधी कधी सहा-सातच. म्हणजे तेवढ्याच उंचीचा ढीग कितीतरी जड. २०१८ च्या मार्चमध्ये तीन आठवड्यांत चार नॉरईस्टर आले आणि त्या चिकट बर्फाने व वाऱ्याने झाडे-फांद्या पडून लाखो घरांची वीज गेली. न्यू जर्सीतील अनेक कुटुंबांनी कित्येक दिवस अंधारात काढले. जनरेटर असेल तर तो घराबाहेरच चालवावा, गॅरेजमध्ये दार उघडे ठेवूनसुद्धा नव्हे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. फावडे मारताना हृदयावर पडणारा ताणही जड बर्फात वाढतो, हे पन्नाशी ओलांडलेल्यांनी मनावर घ्यावे.

वादळ गेल्यावरची रात्र अनेकदा वादळाहून वाईट असते. वारा वायव्येकडे वळतो, आकाश निरभ्र होते, दुपारी वितळलेले पाणी पहाटे रस्त्यावर काळ्या काचेसारखे गोठते. हाच तो ब्लॅक आइस. शिवाय मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे तासभर पुढे जातात. आदल्या आठवड्यात जो माणूस उजेडात गाडी काढत होता तो सोमवारी पहाटेच्या काळोखात, सर्वांत थंड घटकेला काढतो, आणि तीही झोप अपुरी झालेली असताना. बॉस्टनकरांसाठी आणखी एक खुबी: दुपारी ६० अंश असताना वारा एकाएकी पूर्वेचा झाला तर तासाभरात पारा पंधरा-वीस अंशांनी उतरू शकतो. समुद्राची थंड हवा मागच्या दाराने आत येते. केंब्रिजमध्ये स्वेटर काढून जेवायला बाहेर पडलेल्यांनी कोट हाताशी ठेवलेला बरा.

या लहरीपणावर पोट भरणारेही आहेत. रात्री गोठणबिंदूच्या खाली आणि दिवसा वर, असा तापमानाचा झोका असल्याशिवाय शुगर मेपलच्या झाडातून रस वाहत नाही. व्हर्मॉन्टच्या शेतकऱ्यांचा हंगाम नेमका याच आठवड्यांत रंगात येतो. सुमारे चाळीस गॅलन रस आटवून एक गॅलन पाक मिळतो. आपल्या मंडळांना मात्र हा झोका मानवत नाही. होळी तिथीने आली तरी उघड्या मैदानावरची रंगपंचमी अनेक गावांत एप्रिल-मेपर्यंत पुढे जाते, ती याचमुळे.

बर्फाचे फावडे गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात केव्हा टाकावे, याचे उत्तर बॉस्टनच्या नोंदींत आहे. १९९७ साली ३० मार्चला, ईस्टरच्या रविवारी, तेथे ६० अंशांपुढे ऊबदार हवा होती. ३१ मार्च आणि १ एप्रिल या दोन दिवसांत शहरावर २५.४ इंच बर्फ पडला. एप्रिलचा मध्य उलटेपर्यंत फावडे दाराजवळच असावे.